कागदावरचे सोने

लग्नसराई सुरू झाली म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावी घरोघर लग्नपत्रिकांची ये-जा सुरू होते. बीबी हे लोणार तालुक्यातील गाव. छापखान्यातून पत्रिकांचा गठ्ठा घरी आला की तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागतात. पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली जाते. एखादी मेहकरच्या बालाजीस, एखादी लोणारच्या कमळजादेवीस पोहोचते. आणि मग उरलेल्या पत्रिका आप्तेष्टांच्या वाटेला लागतात. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असावयाचाच, आणि तो बहुधा सोनेरी असतो. घरातील म्हातारी आजी पत्रिका उजेडाकडे तिरपी धरते, गणपतीवरून हलकेच बोट फिरवते आणि विचारते, "हे सोनं खरं हाय का बेगड?" भोवतालची मंडळी हसतात. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा खचित नाही. त्याचे उत्तर द्यावयाचे तर कागदावर चमक चढविण्याची जी विद्या माणसाने शतकानुशतके जोपासली, तिचा थोडा परामर्श घ्यावा लागतो.

पूर्वी कागदावरचे सोने हे खरोखरच सोने असे. सोन्याचा तुकडा कातड्याच्या घड्यांमध्ये घालून हातोड्याने कुटीत गेले म्हणजे त्याचा वर्ख होतो. चांगल्या वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपास भरते. या हिशेबाने एक ग्रॅम सोन्याच्या वर्खाने सुमारे अर्धा चौरस मीटर कागद झाकता येतो. पोथ्यांतील चित्रे रंगविणारे कारागीर डिंकाच्या किंवा तत्सम चिकट द्रव्याच्या लेपावर हा वर्ख बसवीत व अकीकाच्या गुळगुळीत खड्याने घोटून त्यास चकाकी आणीत. राजेरजवाड्यांच्या पत्रव्यवहारासाठी कागदावर सोन्याचे कण शिंपडण्याची रीत होती. त्या कागदास अफशानी कागद म्हणत.

पुस्तकबांधणीच्या धंद्यात या विद्येला निराळे वळण लागले. कातडी बांधणीच्या पुठ्ठ्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात द्यावयाचा, त्यावर वर्ख पसरावयाचा, आणि पितळेचा नक्षीदार ठसा तापवून त्यावर दाबावयाचा. उष्णतेने बलक घट्ट होई, ठसा जेथे टेकला तेवढेच सोने कातड्यास धरून राही, व बाकीचे फडक्याने पुसून निघे. ऊब, दाब आणि क्षणभराचा धीर या तिहींच्या संगमाने सोने जागेवर बसते, हे मर्म त्या कारागिरांस हातानेच कळले होते. आजच्या छापखान्यांतील सोनेरी छपाईचे बीज येथेच आहे.

यंत्रावरील छपाई सर्वत्र पसरली तेव्हा मोठी अडचण उभी राहिली. शाई कितीही पिवळी केली तरी ती सोन्यासारखी चमकत नाही, कारण चमक हा रंग नव्हे. प्रकाश आरशाप्रमाणे परतविण्याचा तो गुण आहे व तो धातूच्या सपाट पृष्ठभागापाशीच असतो. तेव्हा तोड अशी काढण्यात आली की, आधी कागदावर चिकट वार्निश छापावे आणि ते ओले असतानाच त्यावर तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूची बारीक पूड भुरभुरवावी. या ब्राँझच्या पुडीने काम भागले, पण तीत दोन उणिवा होत्या. काही काळाने ती काळवंडत असे; आणि तिची धूळ छापखान्यातील माणसांच्या छातीत जात असे.

महाराष्ट्रातील घरांच्या भिंतींवर छापील देवदेवता आणण्याचे मोठे श्रेय राजा रविवर्म्यांच्या छापखान्याकडे जाते. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथील चित्रे शिळाछापावर निघत. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड असे व एकेका चित्रासाठी कागद अनेक वेळा यंत्राखालून जाई. लक्ष्मीच्या अंगावरचे दागिने सोन्याचे भासत. तो भास पिवळ्या व तपकिरी छटांनी साधलेला असे. परंतु भाविकांचे समाधान तेवढ्याने झाले नाही. कित्येक घरांतून या छापील चित्रांवर कापडाचे तुकडे, जर आणि टिकल्या डकवून देवीला लुगडे नेसविले गेले व अलंकार चढविले गेले. अशी सजविलेली चित्रे आजही संग्रहांतून पाहावयास मिळतात. छापखान्याने जे दिले नाही ते घरातील बायकांनी सुईदोऱ्याने व खळीने भरून काढले. छापलेल्या कागदावर वरून चमक चढविण्याची हौस ही अशी जुनी आहे. ती भागविण्याचे काम आज ज्या वस्तूकडे आले आहे, तिला छापखान्याच्या भाषेत फॉइल म्हणतात.

फॉइलचे रीळ हातात घेतले तर ते सोनेरी चमकदार कागदाच्या गुंडाळीसारखे दिसते. पण त्याच्या पोटात पाच थर असतात. पहिला थर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पट्टीचा. तिची जाडी सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या ऐंशीव्या हिश्शाच्या जवळपास. तिच्याखाली मेणासारख्या द्रव्याचा पुसट हात. त्याच्याखाली पिवळ्या लाखेसारख्या पारदर्शक रंगाचा थर. मग अॅल्युमिनियम, आणि सर्वांत खाली, उष्णतेने चिकट होणारा गोंदाचा थर. अॅल्युमिनियम निर्वात पेटीत तापवून त्याची वाफ केली जाते व ती वाफ पट्टीवर निवते. हा थर इतका पातळ असतो की त्यापुढे कुटलेला वर्खही जाडाभरडा ठरावा. त्याची जाडी मायक्रॉनच्या शंभरांश तीन भाग धरली तर एका ग्रॅम अॅल्युमिनियमने सुमारे बारा चौरस मीटर जागा झाकली जाते. अॅल्युमिनियम स्वतः रुपेरी आहे. वरच्या पिवळ्या थरातून पाहिले म्हणजे ते सोनेरी दिसते. तोच थर तांबडा, हिरवा वा निळा केला की त्या त्या रंगाची फॉइल होते. तेव्हा आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. पत्रिकेवरच्या गणपतीत सोन्याचा कणही नसतो.

उरलेले अर्धे उत्तर छापखान्यात उभे राहून पाहावे लागते. पत्रिकेचा मजकूर आधी छापून घेतात व शाई पुरती वाळू देतात. मग गणपतीचा धातूचा ब्लॉक येतो. तो उठावाचा आणि आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटा असतो. हा ब्लॉक यंत्रातील तापणाऱ्या पाट्यावर बसवितात. साधारणपणे १०० ते १३० अंश सेंटिग्रेड इतकी ऊब पुरते. ब्लॉक आणि कागद यांच्यामधून फॉइलची पट्टी सरकत असते. यंत्र मिटते, ब्लॉक पट्टीसह कागदावर दाबला जातो आणि त्या निमिषात दोन गोष्टी एकदम घडतात. वरचे मेण वितळून पट्टीची पकड सोडते. खालचा गोंद वितळून कागदाची पकड घेतो. यंत्र उघडते तेव्हा रंग व धातू कागदावर राहिलेले असतात, आणि पुढे सरकलेल्या पट्टीवर गणपतीच्या आकाराची एक स्वच्छ पारदर्शक खिडकी दिसते.

हे सांगावयास सोपे, साधावयास कठीण आहे. ऊब अधिक झाली तर चमक मंदावते व कडा पसरतात. कमी पडली तर सोने तुटक तुटक बसते. दाब सर्वत्र सारखा नसेल तर गणपतीची सोंड उजळते आणि पाऊल फिके राहते. मग कारागीर ब्लॉकसमोरच्या बाजूस, कागदामागे, पातळ कागदाचे तुकडे डकवून तेवढी जागा केसभर उंचावतो. या जुळणीस मेकरेडी म्हणतात. कसलेल्या हाताची परीक्षा तीतच होते. आधीच्या शाईत मेणाचा अंश जास्त असेल किंवा ती ओलसर राहिली असेल, तर तिच्यावर फॉइल धरत नाही. हवेचाही यात हात असतो. कागद हवेतील ओलावा पिऊन फुगतो व कोरड्या हवेत आक्रसतो. वैशाखात, ऐन लग्नसराईत, वऱ्हाडची हवा तापून कोरडी होते. तेव्हा आदल्या दिवशी छापलेल्या रेघेवर दुसऱ्या दिवशी सोनेरी रेघ नेमकी बसविताना कारागिराचा जीव टांगणीला लागतो.

देवनागरी अक्षरांचा प्रश्न आणखी निराळा आहे. सोनेरी अक्षरांत वधूवरांची नावे हवीत, असा आग्रह असतो. परंतु बारीक अक्षरांत 'म'ची गाठ व 'क'चे पोट फॉइलने बुजून जाते; अनुस्वाराचा टिंब एक तर उडतो, नाहीतर फुगून बसतो; रफार शिरोरेघेला चिकटतो. नावातील अनुस्वार उडाला तर नावच बदलते. म्हणून जाणता मुद्रक सोनेरी मजकुरासाठी मोठे, मोकळे, फार बारीक रेघा नसलेले अक्षर निवडतो व लांबलचक मजकूर साध्या शाईतच ठेवतो. ही काटकसर पैशाची नव्हे. ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांची कदर आहे.

अलीकडे याच कामाचे आणखी दोन मार्ग निघाले आहेत. मोठ्या ऑफसेट यंत्रांवर उष्णतेवाचून फॉइल बसविता येते. त्यात एका खणात हव्या त्या आकाराचा गोंद छापला जातो, पुढच्या खणात त्यावर फॉइल दाबून उचलली जाते व तिच्यावरूनच पुढचे रंग छापता येतात. तासाला हजारो ताव निघत असल्याने डबे, खोकी व लेबले यांच्या कामी ही रीत सोयीची पडते. दुसरा मार्ग लहान कामाचा. लेसर यंत्रावर काळ्या टोनरने छापलेला कागद फॉइलसह तापलेल्या रुळांतून काढला की टोनर वितळतो व फॉइल तेवढ्यालाच धरते. येथे ब्लॉक लागत नाही. पन्नास पत्रिका हव्या असल्या तरी परवडतात.

या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संगणक व ऑफसेट आल्यावर खिळ्यांच्या पेट्या अडगळीत गेल्या, खिळे जुळविणाऱ्यांचे काम संपले आणि गावोगावची ट्रेडल यंत्रे भंगारात निघू लागली. परंतु कित्येक ट्रेडल वाचली, आणि ती वाचली ती त्यांच्या दाबामुळे. शाईची छपाई त्यांच्या हातून गेली तरी पावत्यांवर क्रमांक घालणे, पुठ्ठ्याला घडीची रेघ पाडणे, आकार कापणे आणि फॉइल बसविणे ही कामे त्यांच्याकडे राहिली. शाईच्या जागी तापता पाटा आला व रुळांच्या जागी फॉइलचे रीळ आले. यंत्र तेच, त्याच्यापुढे उभा राहून एका हाताने कागद घालणारा व दुसऱ्याने काढणारा माणूसही तोच. ज्या चमकीला जग दिखाऊ म्हणून नाक मुरडते, तिनेच एका जुन्या अवजाराचा व ते चालविणाऱ्या हातांचा घास राखला आहे.

अर्थात तिचे अतिरेकाचे रूपही दृष्टीआड करून चालणार नाही. प्रत्येक सोनेरी गणपतीमागे पॉलिएस्टरची वापरलेली पट्टी उरते, आणि ती मातीत कुजत नाही. पुष्कळदा पट्टीचा थोडाच भाग कागदावर उतरतो व मोठा भाग तसाच वाया जातो. जो मुद्रक पट्टी मोजून सरकवितो, दोन ठशांमधली जागा आवळून धरतो, तो आपला पैसा वाचवितो आणि कचराही. तसेच, पत्रिकेचा इंच इंच सोन्याने मढविला म्हणजे डोळा कोठेच ठरत नाही. चमकीला भोवती शांत कागद लागतो. तो असला तरच ती खुलते.

आता पुन्हा आजीच्या प्रश्नाकडे यावयाचे. मराठीत बेगड म्हणजे कथलाचा रंगीत चकचकीत पत्रा. त्यावरून बेगडी म्हणजे खोटे, वरवरचे, असा अर्थ रूढ झाला. परंतु ज्या समाजाने हा शब्द निंदेसाठी वापरला, त्याच समाजाने वराच्या कपाळी बेगडाचे बाशिंग बांधले व गणपतीचे मखर बेगडानेच सजविले. दसऱ्याला आपट्याचे पान हातावर ठेवून 'सोने घ्या' म्हणणारा आणि ते मस्तकी लावणारा हा समाज आहे. पान पानच आहे, हे देणाऱ्यास ठाऊक असते व घेणाऱ्यासही. म्हणून त्यात फसवणूक नसते. पितळेवर मुलामा चढवून ते सोन्याच्या भावाने विकणे हे खोटे. पत्रिकेवरचे अॅल्युमिनियम कोणी सोन्याच्या भावाने विकीत नाही. ते मंगलकार्याची वर्दी उजळपणे देते, आणि तेवढ्यात त्याचे काम संपते.

लग्न पार पडते, मांडव उतरतो. पत्रिकेवरची तारीख जुनी होते. तरीही गणपती पायदळी येऊ नये म्हणून ती केरात टाकवत नाही. कोणी तेवढा गणपती कातरून पोथीत ठेवतो, कोणी पत्रिका देवघरामागे सारतो. पुढे कधीतरी पोथी उघडते आणि तो गणपती उजेडात पुन्हा झळकतो. वरचा पिवळा थर धातूला हवेपासून राखतो, म्हणून ब्राँझच्या पुडीसारखा तो लौकर काळवंडत नाही. तेव्हा आजीला सांगावे, सोने खरे नाही. पण ऊब, दाब आणि धीर यांचा मेळ घालून ते कागदावर बसविणाऱ्याचे कसब मात्र अस्सल आहे.