गळ्यातली गाठ: कापायची, आटवायची की नुसती सांभाळायची?

सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात गलगंड काही नवा नाही. १९६२ साली देशात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनची कमतरता हे गलगंडाचे मोठे कारण, म्हणून पुढे २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यावर देशभर बंदी आली. गाठी मात्र उरल्याच, आणि तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आल्यापासून त्या जास्तच दिसू लागल्या.

यातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. त्रास नसेल तर काहीच करायचे नसते, आणि पेशंटच्या गळी उतरायला सगळ्यात जड असा सल्ला हाच.

घास अडकतो, श्वास दाबल्यासारखा होतो, किंवा गाठ चारचौघांत डोळ्यांवर येते, तेव्हा प्रश्न उभा राहतो. ऑपरेशन हा जुना, भरवशाचा मार्ग. पण पूर्ण थायरॉईड ग्रंथी काढली की रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, तीही जन्मभर. म्हणून दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी यकृताच्या गाठींसाठी रुळलेली रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशनची सुई, म्हणजे गाठ आतून भाजून मारणारी सुई, गळ्याकडे वळवली. सोलच्या आसान मेडिकल सेंटरमधील डॉ. जंग ह्वान बेक यांनी तिचे तंत्र घडवले. कुणाला सुश्रुताचे अग्निकर्म आठवेल. सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात ते आहेही. पण त्याच्याकडे सोनोग्राफी नव्हती, तेव्हा नाते तिथेच थांबवलेले बरे.

पेशंट जागा असतो. खांद्याखाली उशी, मान मागे, मांड्यांवर वीज परत नेणारे पॅड. गळा बधिर करून सुई मधल्या बाजूने गाठीत शिरते. टोकाचा जेमतेम सेंटिमीटरभर भाग तापतो. पडद्यावर पांढरे बुडबुडे उठले की तेवढा भाग शिजला. सुई मागे ओढायची, पुढचा भाग धरायचा. आपले भरिताचे वांगे बाहेरून आत भाजते, इथे उलटे. मधूनमधून डॉक्टर पेशंटला बोलायला लावतात. ग्रंथीच्या मागूनच स्वरयंत्राची नस जाते, आवाज घोगरा झाला तर हात तिथेच थांबतो. नस जवळ असेल तर मध्ये ग्लुकोजचे पाणी सोडून अंतर वाढवतात.

गाठ टेबलावर नाहीशी होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. वर्षभरात आकार बहुधा निम्म्याहून कमी होतो. सुईआधी मात्र एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी, हवी, आणि गाठ साधी असल्याचा निर्वाळा शक्यतो दोनदा. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पाण्याने भरलेली गाठ असेल तर पाणी काढून आत अल्कोहोल सोडणे पुष्कळदा पुरते, आणि ते स्वस्तही. छातीत उतरलेला मोठा गलगंड आजही सर्जनचाच.

काम तास-दीड तासाचे, पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी. पुढच्या तपासण्या मात्र महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने. कापूसवेचणीच्या दिवसांत त्या चुकतात, आणि कडेला जिवंत राहिलेला भाग काही वर्षांनी पुन्हा वाढला तर सुई पुन्हा घालावी लागते.