दोन मिनिटं दाबा, पण गोळी सोडू नका
(धामणगाव रेल्वे येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले बोलणे)



मागच्या सभांत कर्जाचे हप्ते, बँक, वहीखाते हेच विषय झाले. आज आपल्या अंगाबद्दल बोलू. वेचणी सुरू झाली की सभेत कोण मान चोळून राहिली, कोण भिंतीला पाठ टेकवून बसली, हे मला समोरून दिसते. ओटी बांधून दिवसभर पराटीत वाकायचं, संध्याकाळी वजन करायचं, किलोमागे पैसे घ्यायचे. दोन मिनिटं बसलं तरी वाटते, तेवढ्यात मूठभर कापूस गेला. घरी आल्यावर दुखणं सांगितलं तर उत्तर ठरलेलं असते, "बाम लाव."

त्यात आता मोबाईलवर अॅक्युप्रेशरचे व्हिडिओ फिरून राहिले. इथे दाबा, शुगर गायब. तिथे दाबा, बीपी गायब. त्यात खरं किती, हे सांगायला आज उभी आहे.

ही पद्धत चीनची, फार जुनी. सुई टोचली तर अॅक्युपंक्चर, बोटाने दाबलं तर अॅक्युप्रेशर. आपला चीनशी एक जुना धागा आहे. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले, वय फक्त ३२. त्यांच्यावर व्ही. शांतारामांनी सिनेमा काढला, तो घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. त्याच पाचांतले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि परत येऊन त्यांनी ते आपल्या देशात सुरू केलं. आज महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, २०१५ चा. म्हणून कोणी गावात सुया घेऊन आला तर नोंदणी दाखव म्हणा. बोटाने दाबायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

यातलं मोजमाप मला फार आवडते. टेप लागत नाही. ज्या बाईचं अंग, तिच्याच बोटांनी मोजायचं. आपण भाताचं पाणी बोटाच्या पेरावर मोजतो ना, तसंच.

आता हात पुढे करा. तळवा वर. मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तिसरं बोट जिथे संपते, तिथे मधोमध दोन शिरांसारख्या दोऱ्या हाताला लागतात. त्या दोऱ्यांच्या मधली जागा. चिनी नाव नेइगुआन, म्हणजे आतला दरवाजा. अंगठ्याने दाबा, हळूहळू गोल फिरवा, दोन-तीन मिनिटं. मग दुसरा हात. अमरावतीच्या बसमध्ये ज्यांना मळमळते, त्यांनी हे करून पाहा. या जागेचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे. ऑपरेशननंतरच्या उलटी-मळमळीवर तिचा उपयोग होतो, असं डॉक्टरांच्या अभ्यासातही दिसलं आहे.

दुसरी जागा पायाची. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर. नाव झुसानली, म्हणजे पायाचे तीन ली. ली हे तिकडचं अंतराचं माप, साधारण अर्धा किलोमीटर. थकलेल्या माणसाने इथे दाबलं की तो आणखी तीन ली चालतो, असं तिकडे म्हणतात. म्हण आहे, शास्त्र नव्हे. पण वावरातून आल्यावर पाय लांब करून इथे दाबलं तर बरं वाटते. बरं वाटण्यात दाबण्याचा वाटा किती आणि बसण्याचा किती, हे मला विचारू नका. बसा म्हणजे झालं!

तिसरी जागा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसाची. डोकेदुखीला दाबतात. चौथी आतल्या घोट्याच्या वर चार बोटं, पाळीच्या दुखण्याला. या दोन्ही जागा गरोदर बाईने दाबायच्या नाहीत, असं त्या पद्धतीतच सांगितलं आहे. सुनेच्या, लेकीच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. सुजलेल्या, जखम असलेल्या किंवा शिरा फुगलेल्या जागीही दाबायचं नाही.

आता जे सांगायला आली ते. एका गटातल्या मावशीने बीपीची गोळी बंद केली. गाव सांगत नाही. एक विक्रेता आला, त्याने काटेरी चप्पल आणि चुंबकाचा पट्टा दिला, म्हणाला गोळीची गरज नाही. मावशीने त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज उचललं. दीड महिन्याने चक्कर आली, आशाताईंनी बीपी पाहिला तर वरचा आकडा १८० च्या पुढे. गोळी पुन्हा सुरू झाली, कर्जाचे हप्ते अजून सुरू आहेत. बीपी, शुगर, थायरॉइड यांची गोळी कोणत्याही जागा दाबून बंद होत नाही. ती कमी-जास्त करायची तर डॉक्टरच करतील. आणि शुगरवाल्या बाईने काटेरी चप्पल घालूच नये. तळपाय बधिर असला तर जखम झालेली कळत नाही, आणि ती चिघळते.

आणखी एक. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे, थंड घाम. बाईमाणसात कधी नुसती पाठ दुखते, मळमळते, आणि आपण गॅस झाला म्हणतो. अशा वेळी मनगट दाबत बसायचं नाही. १०८ ला फोन. सतत थकवा, धाप, पांढरट डोळे असतील तर उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. रक्त कमी असलेल्या बाईला लोहाची गोळी लागते, ती तिथे फुकट मिळते.

कर्जाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चप्पल, पट्टा, मशीन यांच्यासाठी गटाने कर्ज देऊ नये. आपल्या अंगठ्याला हप्ता लागत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर ठराव मांडा, चर्चा करू.

पुढच्या सभेला आशाताई बीपीचं मशीन घेऊन येणार आहेत. ज्यांची गोळी सुरू आहे त्यांनी रिकामं पाकीट सोबत आणा, नाव पाठ नसलं तरी चालेल. आणि वेचणीला जाताना दुपारच्या सुट्टीत सगळ्या जणींनी एकाच वेळी बसा. एकटी बसली की तिलाच बोलतात.