कॉफीच्या फळातील अळीची ओळख



पेल्यातील कॉफी बीपासून होते, फळाच्या गरापासून नव्हे. त्यामुळे गरात वाढणाऱ्या फळमाशीच्या अळीची कॉफी-उत्पादकास फारशी चिंता वाटत नाही. परंतु हीच माशी पुढे संत्री व पेरूच्या बागांत शिरते. म्हणून तिच्या अळीची अचूक ओळख हा केवळ शास्त्रज्ञांचा विषय राहत नाही.

भूमध्य फळमाशी मूळची आफ्रिकेतील. १९५५ मध्ये ती कोस्टारिकात व १९७५ मध्ये ग्वाटेमालात आढळली. तेथील कॉफीच्या मळ्यांत तिला जणू हक्काचे घरच मिळाले. १९७७ मध्ये ती मेक्सिकोच्या चियापास राज्यात पोचली. मेक्सिकोने १९७९ मध्ये मेतापा येथे वंध्य माश्यांच्या पैदाशीचा कारखाना उभारला आणि १९८२ मध्ये तिचे उच्चाटन साधले. ग्वाटेमालात मात्र ती टिकून राहिल्याने सीमेवरील दक्षता संपलेली नाही. सापळे आणि फळांची तपासणी हा या दक्षतेचा पाया होय.

अळी ओळखावी कशी? प्रथम जागा पाहावी. बी पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी बीच्या आत असते व तिचे तपकिरी डोके स्पष्ट दिसते. हा भुंगेरा भारतात १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर येथे आढळला. फळमाशीची अळी मात्र गरात राहते. ती पांढुरकी, बिनपायांची, पुढे निमुळती व मागे बोथट असते. पूर्ण वाढ झाल्यावर तिची लांबी सुमारे ७ ते ९ मिलिमीटर भरते.

लॅटिन अमेरिकेत कॉफीच्या फळात दक्षिण अमेरिकी फळमाशीच्याही अळ्या मिळतात. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पुढच्या श्वासरंध्रावरील बोटांसारखे उंचवटे मोजावे लागतात. भूमध्य फळमाशीत ते सामान्यतः ७ ते ११ असतात, दुसरीत बहुधा त्याहून अधिक. याकरिता काही अळ्या गरम पाण्यात बुडवून मद्यार्कात जतन कराव्यात आणि काही ओलसर वाळूवर कोषावस्थेसाठी ठेवाव्यात. बाहेर पडलेल्या माशीच्या पंखांवरील पिवळसर-तपकिरी पट्ट्यांवरून ओळख पक्की होते. आता डीएनए-चाचणीचीही जोड मिळाली आहे.

भूमध्य फळमाशी भारतात स्थिरावलेली नाही. परदेशातून पिशवीत आणलेले एखादे किडके फळही तिला वाट करून देऊ शकते. म्हणून अनोळखी अळी आढळल्यास ती चिरडून न टाकता फळासह कृषी अधिकाऱ्याकडे पोचविणे हे प्रत्येक जागरूक ग्रामस्थाचे कर्तव्य ठरते.