परसांतील झाडांच्या जखमा



१७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यालगत समुद्रांतून उत्तरेकडे गेलें, तेव्हां वसई-विरार भागांतील वाड्यांत आणि परसांत पुष्कळ झाडें उन्मळून पडलीं. पडलेल्या झाडांची हळहळ सर्वांनींच केली. परंतु जीं उभीं राहिलीं आणि ज्यांच्या फांद्या मात्र पिळवटून तुटल्या, त्यांच्याकडे पाहण्यास फारसें कोणी वळलें नाहीं. वास्तविक, आंबा किंवा फणस आंतून पोखरला जाण्याचा आरंभ अशाच दुर्लक्षित जखमेपासून होतो.

माणसाची जखम नवें मांस येऊन भरते. झाडाचें तसें नाहीं. एकदां कुजलेलें लाकूड पुन्हां निरोगी होत नाहीं. झाड जखमेभोंवतीं आंतल्या बाजूनें जणूं भिंत घालतें, नासका भाग तिच्यापलीकडे कोंडतें आणि बाहेरून नवी साल वाढवून जखमेचें तोंड झांकून घेतें. अमेरिकेच्या वनखात्यांतील ॲलेक्स शायगो यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत असंख्य खोडें चिरून हा प्रकार दाखवून दिला. यास्तव जखमेवर डांबर फांसणें व्यर्थ होय; त्याखालीं ओल कोंडते आणि बुरशीस आयतें घर मिळतें. पोकळींत सिमेंट भरण्याची कल्पना तर दंतवैद्याकडूनच उसनी घेतलेली दिसते!

मग आपण करावयाचें तें काय? कापणें तें योग्य जागीं कापावें. फांदी खोडास मिळते तेथें सालीची फुगीर वळी दिसते; झाडाची संरक्षक भिंत तेथेंच उभी राहते. वळीच्या अगदीं बाहेरून काप घ्यावा. खोडाशीं सपाट छाटल्यास वळीच नाहींशी होते. हातभर खुंट ठेविल्यास तो कुजत कुजत खोडांत शिरतो. फांदी जड असल्यास खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून चीर द्यावी, मग किंचित् पुढें वरून कापून भार उतरवावा, आणि शेवटचा काप वळीशीं घ्यावा. एरवीं पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते. करवत स्पिरिटनें पुसलेली असावी व दिवस कोरडा निवडावा.

कापावर बोर्डो मलम लावावें. फ्रान्समधील बोर्डो प्रांतीं रस्त्याकडेचीं द्राक्षें चोरांनीं खाऊं नयेत म्हणून मळेवाले वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या वेलींवर रोग पडत नाहीं हें प्राध्यापक मिलार्डे यांनीं हेरलें आणि १८८५ सालीं तो उपाय प्रसिद्ध केला. घरापुरतें मलम करावयाचें तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यांत आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यांत निरनिराळा भिजवावा, नंतर दोन्ही एकत्र ढवळावीं. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें घ्यावें, लोखंडाचें नव्हे. मिश्रणांत चाकूचें पातें क्षणभर बुडवून पाहावें. त्यावर तांबूस पुट चढलें तर आणखी चुना घालावा. मलम त्याच दिवशीं संपवावें व मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. हें मलम जखम भरीत नाहीं. बुरशीस अडवितें, एवढेंच. पण जेथें चार महिने साल वाळत नाहीं, तेथें तेवढेंही पुष्कळ झालें.

आंब्याच्या बुंध्याशीं लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर भिरूड लागली असें समजावें. भोंक शोधून तारेनें अळी ओढून काढावी व तें चिखलानें लिंपावें. लिंबाच्या खोडांतून डिंक गळूं लागला तर बुंध्याशीं रचलेली माती दूर करावी आणि पाणी खोडास लागूं देऊं नये. जुनीं बावखलें बुजविल्यावर पावसाचें पाणी परसांत तुंबतें, हें ज्यांच्या दारीं घडतें त्यांनीं याकडे विशेष लक्ष द्यावें.

राहतां राहिला माड. त्याची गोष्टच निराळी. आंब्याप्रमाणें वर्षानुवर्षें जाड होणारें लाकूड आणि नवी साल त्यास नाहीं. म्हणून चढण्यासाठीं पाडलेली खांच असो वा दिव्याच्या तारेसाठीं ठोकलेला खिळा, ती जखम माडाच्या अंगावर जन्मभर उघडीच राहते. ताज्या जखमेच्या वासानें सोंड्या भुंगा येतो आणि तेथें अंडीं घालतो. त्याच्या अळ्या आंतला गाभा खातात, आणि शेंडा कलंडेपर्यंत घरच्या माणसांस पत्ताही लागत नाहीं. हिरवीं झावळीं ओरबाडूं नयेत, पिकलेलीं तेवढींच उतरवावीं, आणि चढावयास शिडी किंवा दोर वापरावा.