वीज किती, यापेक्षा वीज केव्हा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे 'सौर, पवन आणि इतर पर्यायी ऊर्जा : नवं काय?' आणि वेळ दिला आहे वीस मिनिटं. माझ्यानंतर जेवण आहे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. त्यामुळे विषयाची सगळी अंगं घेत बसत नाही, एकच मुद्दा मांडते. ऊन आणि वारा यांच्यापासून स्वस्त वीज करता येते का, हा प्रश्न आता बराचसा सुटला आहे. ती वीज आपल्याला हवी तेव्हा मिळेल का, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. आणि ती हवी तेव्हा मिळत नसेल, तर ती असेल तेव्हा आपण वापरू शकतो का? याचं उत्तर थोडंफार आपल्याही हातात आहे.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनियर. मी पॅनल बसवत नाही आणि पवनचक्कीवर चढतही नाही. उद्या अमुक प्रकल्पात किती वाजता किती वीज तयार होईल, याचा अंदाज बांधणारे प्रोग्रॅम आमचा गट लिहितो. वीजक्षेत्रात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. शाळेत आपल्याला आठ तासिका जड जायच्या. इथे रोजच्या ९६ असतात आणि प्रत्येक तासिकेला हजेरी होते. अंदाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकला, की प्रकल्पाला दंड. महाराष्ट्रात ही नियमावली २०१८ साली आली. तेव्हापासून ढग हा माझ्यासाठी कवितेचा विषय राहिलेला नाही.

आधी किमतीचं सांगते. जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय सौर अभियान सुरू केलं. त्या वर्षअखेरीच्या पहिल्या निविदांमध्ये सौर विजेचा दर युनिटला सुमारे ११ ते १३ रुपये होता. 'हे श्रीमंतांचं खेळणं आहे', असं तेव्हा जाणकार मंडळीही म्हणत. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या प्रकल्पाचा दर २ रुपये ४४ पैशांवर आला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका निविदेत तो १ रुपया ९९ पैसे झाला. पुढे दर थोडे वर सरकले, तरी आज नवं कोळशाचं केंद्र उभारून मिळणाऱ्या विजेपेक्षा दिवसाची सौर वीज स्वस्त पडते. दहा वर्षांत एखाद्या वस्तूचा भाव पाचव्या-सहाव्या हिश्शावर आल्याचं आपल्या पिढीनं आणखी कुठे पाहिलं असेल, तर ते मोबाईलच्या डेटामध्ये.

आता एक बातमी तुम्ही वाचली असेल. २०२५ च्या मध्यावर भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायची झाली. २०३० साठी ठरवलेली ही मजल पाच वर्षं आधीच गाठली गेली. बातमी खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण म्हणून घरात येणारी निम्मी वीज स्वच्छ झाली, असा अर्थ काढू नका. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे.

हे कसं? आपल्या गुरुजनांना हे लगेच समजेल. क्षमता म्हणजे पटसंख्या आणि वीज म्हणजे हजेरी. एक किलोवॅटचं पॅनल चोवीस तास पूर्ण जोमानं चाललं असतं, तर दिवसाला २४ युनिट मिळाली असती. प्रत्यक्षात आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर ४ युनिट मिळतात. रात्री हा विद्यार्थी वर्गात नसतोच, पावसाळ्यात उशिरा येतो आणि ढग आला की मधल्या सुट्टीलाच घरी जातो. पट वाढवणं तुलनेनं सोपं होतं. रात्रीच्या गैरहजेरीचं काय करायचं, हे खरं कोडं आहे.

कारण विजेचा एक स्वभाव आहे. तारांच्या जाळ्यात ती साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्याच क्षणी तेवढी तयार व्हावी लागते. हा तोल ५० हर्ट्झच्या वारंवारितेवरून कळतो. वापर जास्त झाला की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. लॉकडाऊनमध्ये रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून सगळ्यांनी पणत्या लावल्या होत्या. त्या वेळी देशाची विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटनं खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. भारप्रेषण केंद्रांतल्या माणसांनी आधीच तयारी केली होती, म्हणून आपल्याला काही जाणवलं नाही. या चढउतारातला निम्म्याहून मोठा भार जलविद्युत केंद्रांनी पेलला, कारण पाण्यावरची यंत्रं पटकन कमी-जास्त करता येतात. कोळशाची भट्टी अशी झटपट वळत नाही.

तो दिवस एकदाच आला. पण सौर वीज वाढल्यापासून दर संध्याकाळी तसलीच कसरत उलट दिशेनं करावी लागते. सूर्य मावळतो तशी हजारो मेगावॅट निर्मिती उतरत जाते आणि नेमकं तेव्हाच लोक घरी येऊन दिवे, पंखे, एसी लावतात. दुपारी मात्र काही ठिकाणी वीज जास्त होते. २०२५ मध्ये राजस्थानात तयार होऊ शकणारी सौर वीज वाहून न्यायला पारेषणाच्या तारा अपुऱ्या पडल्या आणि भर दुपारी प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगावं लागलं. दुपारी वीज वाया आणि रात्री कोळसा, अशी ही अवस्था आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे जोडीला वारा घेणं. साताऱ्याकडच्या मंडळींना वनकुसवडे आणि चाळकेवाडीचं पठार माहीत आहे. तिथल्या पवनचक्क्यांचा खरा हंगाम म्हणजे पावसाळा. ऊन कमी असतं त्याच महिन्यांत वारा जोरात असतो आणि तो रात्रीही वाहतो. विज्ञानाच्या तासाला साजेसा एक नियम सांगते. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. वाऱ्याचा अंदाज उन्हापेक्षा अवघड का, ते यावरून कळेल. सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या जागा आपण सर्वांत आधी वापरल्या, त्यामुळे तिथे आज जुनी, काहीशे किलोवॅटची यंत्रं उभी आहेत. नवी यंत्रं तीन मेगावॅट आणि त्याहून मोठी, शंभर मीटरपेक्षा उंच मनोऱ्यांवरची असतात. जुनी उतरवून त्याच पठारावर नवी बसवण्याचं धोरण आहे, पण मालकी आणि जमिनीचे करार यांत ते काम रेंगाळतं.

दुसरा उपाय साठवणुकीचा. भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरला गेला असाल, तर तिथला २५० मेगावॅटचा प्रकल्प तुम्ही पाहिला असेल. वीज मुबलक असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी पंपानं घाटमाथ्यावर चढवायचं आणि वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचं. चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात. तोट्याचा वाटणारा हा व्यवहार दुपारच्या स्वस्त विजेमुळे आता फायद्याचा झाला आहे. सह्याद्रीत असे आणखी बरेच प्रकल्प आखले जात आहेत. त्यासाठी जंगल किती जाईल आणि कुणाच्या जमिनी जातील, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. दुसरीकडे मोठ्या बॅटऱ्यांचे निविदांतले दर २०२२ नंतरच्या तीनच वर्षांत निम्म्याहून खाली आले. सौर विजेचं २०१० नंतर जे झालं, ते आता बॅटऱ्यांचं होताना दिसतं आहे.

तिसरा उपाय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात साठवायचं काहीच नाही. वीज असेल तेव्हा काम करायचं. आणि आपल्या राज्यात असं सर्वांत मोठं काम म्हणजे शेतीचा पंप.

आपल्यातले जे शेती करतात, त्यांना मी हे सांगायला नको. कृषीवाहिनीला वीज चक्राकार पद्धतीनं मिळते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळी आली की थंडीत, अंधारात, बॅटरीच्या उजेडात दारं धरायची. पायाखाली साप असतो आणि ऊसपट्ट्यात बिबट्याही. शहरात आपण बटण दाबतो तेव्हा त्याची ही बाजू दिसत नाही. पिकाला पाणी दुपारी दिलं काय आणि रात्री दिलं काय, बहुतेक वेळा चालतं. म्हणजे ज्या वेळी सौर वीज जास्त असते, नेमक्या त्याच वेळी हे काम उरकता येतं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, मोठा टप्पा आला. गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या वाहिनीवरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची, अशी तिची रचना आहे. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ज्यांच्याकडे वीजजोडणीच नाही, त्यांच्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आहे. तिच्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही आहे. ती कागदपत्रं जपून ठेवा.

एक धोकाही सांगते. उन्हावर चालणाऱ्या पंपाला बिल येत नाही. बिल नाही म्हणून पंप बंद करायची घाई नाही आणि विहिरीचं पाणी काही उन्हानं वाढत नाही. पंपाबरोबर ठिबक आलं नाही आणि गावानं पाण्याचा हिशोब ठेवला नाही, तर रात्रीचं जागरण वाचेल पण मार्चमध्ये विहीर कोरडी पडेल. स्वच्छ वीज म्हणजे फुकट पाणी नव्हे.

घराच्या छताबद्दल काल रात्रीपासून मला सगळ्यांनी विचारलं, म्हणून थोडक्यात सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार आहेत. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पॅनलना ऊन हवं असतं, पण तापणं मानवत नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तिसरा हिस्सा टक्का किंवा थोडी जास्त वीज घटते. म्हणून खाली वारा खेळेल अशी उंची ठेवा आणि धूळ धुवायला पाण्याची सोय करा. आणखी एक, नेहमीच्या पद्धतीच्या सौर यंत्रणेत बाहेरची लाईट गेली की छतावरची वीजही बंद होते. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यानं वाचतो. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

आता शेवटचं. आपल्या बॅचनं शाळेला काहीतरी भेट द्यायची, यावर सकाळपासून चर्चा चालली आहे. माझी सूचना दहा किलोवॅटच्या सौर यंत्रणेची आहे. हजारभर चौरस फूट गच्ची, पाच-सहा लाखांचा खर्च आणि दिवसाला सरासरी ४० युनिट. घरांसाठीचं अनुदान शाळेला मिळणार नाही, हे गृहीत धरूनच बोलते आहे. शाळा भरते दिवसा आणि पंखे, संगणक, पाण्याची मोटर चालते तीही दिवसाच. साठवणुकीचं कोडं शाळेला पडतच नाही.

मात्र दोन अटी आहेत. पहिली, आधी शाळेची वर्षभराची बिलं पाहून किती किलोवॅट लागतील ते ठरवू. दहा हा माझा अंदाज आहे आणि अंदाज तपासून घ्यावेत, हे मला माझ्या धंद्यानं शिकवलं आहे. दुसरी, जमलेल्या रकमेतला काही भाग देखभालीसाठी बँकेत वेगळा ठेवू. उद्घाटनाच्या फोटोनंतर धुळीनं माखलेली पॅनल आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिली आहेत.

आणि मीटर मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, व्हरांड्यात लावू. नववीच्या मुलांनी रोज दर तासिकेला आकडा फळ्यावर लिहावा. ढग आला की आकडा किती पडतो, मे महिन्यात तो का वाढत नाही, हे त्यांनी स्वतः शोधावं. विजेचं वेळापत्रक सांभाळणारी माणसं पुढच्या वीस वर्षांत देशाला फार लागणार आहेत. त्यातली दोन-चार याच शाळेतून निघाली, तर आपल्या गुरुजनांना ती आपल्या सगळ्यांकडून गुरुदक्षिणा होईल.