पेटी ऑफिसरची नजर

कुणकेश्वरहून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं की मालवण लागतं. ४ डिसेंबर २०२३ रोजी तिथे नौदल दिन साजरा झाला आणि अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर शिवछत्रपतींच्या वारशाची खूण येणार, अशी घोषणा झाली. त्याच महिनाअखेरीस ॲडमिरलांच्या पट्ट्यांवर राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आपल्या किनाऱ्याला याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

पण गणवेशाची शान रोज राखतो तो पेटी ऑफिसर. हुद्द्याने लष्करातल्या हवालदाराच्या बरोबरीचा. त्याच्या वर चीफ आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर. हे सगळे खलाशांतूनच वर चढलेले, म्हणून पोरांची नस त्यांना नेमकी ठाऊक असते.

हजेरीला त्यांची नजर टोपीपासून बुटांपर्यंत फिरते. दाढीसुद्धा परवानगीशिवाय ठेवता येत नाही. यात नुसता दिमाख नाही. जहाजावर आग लागली तर उघडी कातडी आधी भाजते, म्हणून आगीशी झुंजताना बाह्या मनगटापर्यंत खाली हव्यात. फिरत्या यंत्राजवळ सैल कपडा अडकला, तर हातच जायचा. नव्या खलाशाच्या अंगी हे पुस्तकाने बाणत नाही. शेजारी उभा राहून टोकणारा ज्येष्ठ लागतो. माझ्या मते जहाजाची खरी शिस्त याच माणसांच्या हाती असते.

देवगड-मालवणच्या मुलामुलींनो, अग्निवीर भरतीची तयारी करत असाल, तर गावातल्या निवृत्त नौसैनिकांना आधी जाऊन भेटा.