सराव मनाचाही हवा

(वसतिगृह कार्यकर्ते आणि क्रीडाशिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



सकाळपासून आपण धावणं, खो-खो आणि तिरंदाजी यांच्या सरावाविषयी बोलत आहोत. मी ज्या सरावाविषयी बोलणार आहे, त्याला मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत, खर्चही येत नाही. तो मनाचा सराव.

पाड्यावरच्या माळावर छान पळणारा मुलगा जिल्ह्याच्या मैदानावर बावरतो. लाउडस्पीकरचा आवाज, नव्या कोऱ्या गणवेशातली मुलं, अनोळखी बोली. पाय तेच असतात. पण छाती धडधडते, खांदे आखडतात, श्वास वरवरचा होतो. ‘पोरानं कच खाल्ली’ असं म्हणून आपण मोकळे होतो आणि अशी किती तरी मुलं पुन्हा मैदानाकडे फिरकत नाहीत. ही गळती थांबवणं आपल्या हातात आहे.

भीती थोरामोठ्यांनाही वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सातव्या क्रमांकानं अंतिम फेरीत गेला आणि ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यानं कांस्यपदक मिळवलं. पोटात कालवाकालव होत होती, पण श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, अशा अर्थाचं त्यानं नंतर सांगितलं. म्हणजे भीती गेली नव्हती. भीती असतानाही काय करायचं, याचा सराव झालेला होता.

मग वसतिगृहात काय करता येईल?

पहिलं, श्वास. रात्री झोपण्यापूर्वी चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा. असं दहा वेळा. रोजची सवय असेल तरच ऐन स्पर्धेत ती उपयोगी पडते.

दुसरं, मनातलं चित्र. डोळे मिटून मुलांनी आपली शर्यत पाहावी. फक्त जिंकणं पाहू नये. सुरुवात चुकली, तरी सावरून कसं पळालो, हेही पाहावं.

तिसरं, छोटे टप्पे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. ही शर्यत म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या. सगळ्या फेऱ्यांचं ओझं एकदम घेतलं, तर मन आधीच थकतं. ‘आता एवढी एक फेरी’ असं म्हणायला मुलांना शिकवा. आणि हे मनाशी बोलणं वारली, कोकणी, भिली, गोंडी, जी घरची बोली असेल तिच्यातच होऊ द्या. दमलेल्या जिवाला आईची भाषा लवकर पोहोचते.

चौथं, गोंगाटाची सवय. सरावाच्या वेळी बाकीच्या मुलांना मुद्दाम ओरडायला सांगा. जमलं तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी मैदान दाखवून आणा.

आता आपल्यासाठी एक पथ्य. ‘आदिवासी मुलांना पळणं जन्मजातच येतं’ असं कौतुकानं म्हटलं जातं. कृपा करून असं म्हणू नका. मूल जिंकलं, तर श्रेय रक्ताला जातं. हरलं, तर त्याला वाटतं, ‘माझ्यातच काही तरी कमी आहे.’ पहाटे उठून केलेली मेहनत कुणालाच दिसत नाही. कौतुक करायचं तर मेहनतीचं करा.

हरून आलेल्या मुलाला आधी जेवू घाला. ‘का हरलास?’ असं चारचौघांत विचारू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे तीन गोष्टी विचारा : काय चांगलं झालं? कुठे अडलं? उद्यापासून काय बदलायचं? उत्तरं त्यालाच देऊ द्या, वहीत लिहू द्या. पण एखादं मूल दिवसेंदिवस गप्प राहिलं, जेवेना, झोपेना, तर त्याला धीराचे शब्द पुरणार नाहीत. त्याला डॉक्टरांकडे न्या.

प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण हाच श्वास दहावीच्या परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीतही त्याच्या कामी येईल. तेव्हा परत गेल्यावर पहिल्याच रात्री मुलांबरोबर बसा आणि दहा श्वास मोजा. सुरुवातीला मुलं हसतील. हसू द्या. आठवडाभर नेमानं करा.